कोशात नाव लागले म्हणून काय झाले?

दर वर्षा-दोन वर्षांनी एक बातमी येते : ऑक्सफर्डच्या कोशात इतके इतके भारतीय शब्द दाखल. २०१७ साली सुमारे ७० शब्दांची आली. त्यांत 'अण्णा', 'अब्बा', 'अच्छा' होते. २०२० साली 'आधार', 'चाळ', 'डब्बा', 'हरताळ', 'शादी' यांची आली. बातमीचा सूर ठरलेला असतो. गावातले पोर गुणवत्ता यादीत झळकावे आणि वेशीवर फलक लागावा, तसा. दोन दिवस अग्रलेख, चर्चा, अभिनंदन. मग कोणीतरी हमखास म्हणतो की इंग्रजीचे मन मोठे, म्हणून ती जगाची भाषा झाली, आणि आपल्या भाषा सोवळ्यात बसल्या म्हणून मागे पडल्या.

या आनंदावर आणि या निष्कर्षावर माझा आक्षेप आहे. आक्षेप त्या कोशांवर नाही. त्यांनी आपले काम चोख केले आहे. आक्षेप आपल्यावर आहे.

आधी एक साधी गोष्ट. वरच्या दोन बातम्या एकाच कोशाच्या नव्हेत. २०१७ची भर पडली ती ऑक्सफर्डच्या मोठ्या ऐतिहासिक कोशात. २०२०ची पडली ती इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी काढलेल्या कोशात. एक इंग्रजीचा दप्तरखाना, दुसरा विद्यार्थ्याचा सोबती. दोन्हींचे हेतू वेगळे, निकष वेगळे. पण आपल्या बातमीला हा फरक करण्याची गरज वाटत नाही, कारण बातमी कोशाबद्दल नसतेच. ती शाबासकीबद्दल असते.

आणि शाबासकी देण्यासाठी तो मोठा कोश निघालेलाच नव्हता. १८५७ साली रिचर्ड ट्रेंच या धर्मगुरूने लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीपुढे तेव्हाच्या इंग्रजी कोशांच्या उणिवा मांडल्या. त्याचे म्हणणे असे की कोशकाराने परीक्षक होऊ नये, इतिहासकार व्हावे. शब्द चांगला की वाईट हे त्याने ठरवू नये, तो कधी आला, कोणत्या अर्थाने आला आणि पुढे कोणीकडे वळला हे नोंदवावे. त्यातून काम उभे राहिले. हजारो वाचकांनी पुस्तके वाचून, वाक्ये उतरवून, चिठ्ठ्या टपालाने पाठवल्या. जेम्स मरे यांच्या संपादनाखाली पहिला भाग १८८४ साली निघाला आणि शेवटचा १९२८ साली, मरे यांच्या मृत्यूनंतर १३ वर्षांनी. अशा कोशात शिव्या आहेत, मेलेले शब्द आहेत, एकदाच कोणीतरी वापरलेले शब्द आहेत. जनगणनेत आपले नाव आले म्हणून कोणी पेढे वाटत नाही. कोशात 'अच्छा' आला याचा अर्थ एवढाच, की इंग्रजी लिहिणाऱ्या पुरेशा लोकांनी तो पुरेशा वेळा वापरला. ते लोक बहुतेक आपणच होतो.

आता ते 'मोठे मन'. शब्द आत घेणे ही अर्धी गोष्ट. आत घेतल्यावर त्याचे काय होते, ही उरलेली अर्धी, आणि खरा इतिहास तिथे आहे.

इंग्रजी शब्दांचे अर्थ किती सरकतात हे पाहिले की शुद्धतेचा सगळा दिमाख उतरतो. 'नाइस' हा शब्द लॅटिनमधल्या 'अडाणी' या अर्थाच्या शब्दातून आला. इंग्रजीत तो आधी मूर्खाला लागे, मग चोखंदळाला, मग नेमकेपणाला, आणि अठराव्या शतकात छान, गोड अशा कशालाही. 'सिली' नेमका उलट गेला : धन्य, मग निष्पाप, मग बिचारा, मग बावळट. 'गर्ल' म्हणजे एके काळी कोणतेही मूल, मुलगा असो की मुलगी. 'मीट' म्हणजे कोणतेही अन्न. 'डिअर' म्हणजे कोणताही पशू. ही घसरण थांबावी म्हणून जोनाथन स्विफ्टने १७१२ साली भाषा कायमची निश्चित करण्याचा प्रस्ताव मांडला. 'मॉब' हा आखूड केलेला शब्द त्याला सहन होत नसे. प्रस्ताव कागदावर राहिला, 'मॉब' राहिला. त्याच्याही आधी, सोळाव्या शतकात, जॉन चीक याने परके शब्द टाळून शुभवर्तमानाचे भाषांतर करताना शतसैनिकांच्या नायकासाठी 'हंड्रेडर' आणि वेड लागलेल्यासाठी 'मून्ड' असे घरगुती शब्द घडवले होते. एकोणिसाव्या शतकात विल्यम बार्न्सने व्याकरणाला 'स्पीचक्राफ्ट' म्हणून पाहिले. तेव्हा सोवळे फक्त आपणच नेसलो, हेही खरे नाही. सावरकरांच्या भाषाशुद्धीला हसणाऱ्यांनी बार्न्सही वाचावा. आणि 'महापौर' जसा रुजला तसा 'हँडबुक' हा जुना, मागे पडलेला इंग्रजी शब्दही एकोणिसाव्या शतकात पुन्हा उठून बसला, हेही पाहावे.

पण अर्थ सरकतात ते वाऱ्याने नव्हे. बऱ्याचदा त्यांना कोणीतरी ढकललेले असते. 'व्हिलन' म्हणजे मुळात जहागिरीवर राबणारे कूळ. 'नेव्ह' म्हणजे पोरगा, मग पोऱ्या. 'बूर' म्हणजे शेतकरी. 'चर्ल' म्हणजे साधा माणूस. चौघांचेही पुढे बदमाश, लबाड, गावंढळ आणि असभ्य झाले. उलट 'नोबल' आणि 'जंटल' हे मुळात जन्माने वरच्या घरातले. ते वाढत वाढत सद्गुण झाले. सी. एस. लुइस यांनी १९६०च्या 'स्टडीज इन वर्ड्स' या पुस्तकात या सरकण्याकडे नेमके बोट ठेवले आहे : सामाजिक पायरीचे शब्द नीतीचे शब्द होतात. लिहिता येणाऱ्यांनी न येणाऱ्यांबद्दल जे मत करून घेतले, ते शब्दाचा अर्थ होऊन बसले. आपल्या 'नागर' आणि 'गावंढळ' या जोडीतही हेच झाले आहे.

इंग्रजीने स्वतःच्या कुळांशी असे केले, तर परक्यांच्या शब्दांशी काय केले असेल?

'लूट' घ्या. अठराव्या शतकाच्या अखेरीस हा शब्द इंग्रजीत दिसू लागतो. इंग्रजीजवळ या कृत्यासाठी शब्द नव्हते असे नाही. 'स्पॉइल' होता, 'बूटी' होता, तीस वर्षांच्या युद्धात जर्मनमधून आलेला 'प्लंडर' होता. तरी आणखी एक घेतला, आणि जिथे ते कृत्य चालू होते तिथलाच घेतला. 'ठग' घ्या. मराठीत, हिंदीत ठग म्हणजे फसवणारा. ठगाकडे अक्कल लागते. १८३०च्या दशकात स्लीमनची मोहीम झाली, १८३९ साली मेडोज टेलरची कादंबरी आली, आणि इंग्रजीत ठग हा गळा आवळणारा खुनी झाला. आज अमेरिकेत तो अंगाने दांडगा गुंड आहे, आणि कोणाला हा शब्द लावायचा हे पुष्कळदा कातडीचा रंग पाहून ठरते. फसवणाऱ्याची अक्कल वाटेत गळाली, हिंसा तेवढी उरली.

'जगरनॉट' घ्या. पुरीच्या जगन्नाथाचा रथ. भक्त चाकांखाली झोकून देतात, या प्रवाशांच्या आणि मिशनऱ्यांच्या वर्णनांतून तो इंग्रजीत शिरला आणि समोरचे सगळे चिरडत जाणारी आंधळी शक्ती झाला. ब्रिटनमध्ये तर अवजड मालमोटारीलाही ते नाव आहे. जो देव वर्षातून एकदा देवळाबाहेर येतो तो सर्वांना दिसावे म्हणून, ज्यांना एरवी आत जाता येत नाही त्यांनाही, त्याच्या नावाचा हा अर्थ. ओडिया वाचकांनी हा शब्द इंग्रजी कोशात आहे म्हणून अभिमान बाळगायचा का?

'पारिया' घ्या. तमिळमधले 'परै' हे चर्मवाद्य, आणि त्याच्याशी ज्यांचे नाव जोडले जाते ते परैयर. इंग्रजीने एका जातीचे नाव उचलले आणि त्याचा सर्वसामान्य अर्थ केला : बहिष्कृत. आज वृत्तपत्रे एखाद्या देशावर निर्बंध आले की त्याला 'पारिया' राष्ट्र म्हणतात. हा अर्थ इंग्रजांनी हवेतून आणला नाही हेही सांगितले पाहिजे. अस्पृश्यता आपली, त्यांनी फक्त तिला जगभर फिरवले. पण त्याच तमिळनाडूत ते वाद्य आज दलित चळवळीच्या हातात स्वाभिमानाने वाजते आहे. वाद्याचा अर्थ एका दिशेने गेला, इंग्रजी शब्दाचा अर्थ होता तिथेच राहिला. या शब्दाच्या नोंदीकडे बोट दाखवून 'आमची तमिळ इंग्रजीत आहे' असे म्हणणारा माणूस नक्की कशाचा गौरव करतो आहे?

'कुली'ची व्युत्पत्ती दोन वाटांनी सांगतात : तमिळमधली 'कूलि', म्हणजे मजुरी, किंवा पश्चिम किनाऱ्यावरचे कोळी. काहीही असो, ब्रिटिश साम्राज्यातली गुलामी कायद्याने संपल्यावर मॉरिशस, त्रिनिदाद, नाताळ इथे करारावर नेलेल्या माणसांना हे एकच नाव पुरले. मग नाव कामाचे न राहता वंशाचे झाले. गांधी बॅरिस्टर होऊन दक्षिण आफ्रिकेत गेले आणि तिथे 'कुली बॅरिस्टर' ठरले. त्यांनी आत्मकथेत ते लिहून ठेवले आहे. पुढे मॉरिशसचे कवी खाल तोराबुली यांनी याच शब्दापासून 'कुलिट्यूड' घडवला आणि शिवीची ओळख करून दाखवली. शब्दाचा अर्थ परत घेता येतो. पण त्यासाठी लिहावे लागते. कोश कधी आपली नोंद घेईल याची वाट पाहत बसून ते होत नाही.

इंग्रजांच्या हिंदुस्थानी शब्दांचा सर्वांत प्रसिद्ध संग्रह १८८६ साली यूल आणि बर्नेल यांनी काढला. ग्रंथ विद्वत्तेचा आहे, मी तो आजही आवडीने चाळतो. पण त्याचे नाव 'हॉब्सन-जॉब्सन'. मुहर्रममध्ये छाती पिटत 'या हसन, या हुसैन' म्हणून घेतलेला शोकाचा हाकारा गोऱ्या शिपायांच्या कानात शिरून तोंडातून असा बाहेर पडला. शोकाचे नाव विनोदी झाले आणि ते मुखपृष्ठावर चढले. मोठ्या मनाच्या चर्चेत हे नाव एकदा मोठ्याने उच्चारून पाहावे.

सगळेच शब्द बळजबरीने गेले असे मी म्हणत नाही. 'मंगूस' आपल्या मुंगसापासून गेला आणि इंग्रजीत मुंगूसच राहिला. तेलुगूची घूस 'बँडिकूट' झाली, तमिळचे बांधलेले ओंडके 'कॅटमरान' झाले, मुंबईच्या डोंगरीचे जाडेभरडे कापड 'डंगरी' झाले. कोणाचे काही बिघडले नाही. पाटण्याकडून गेलेल्या शेख दीन महंमद यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ब्रायटनला स्नानगृह काढून इंग्रज अंगांना 'शॅम्पू' केले, म्हणजे मालिश केली. शब्द 'चाँपना'च्या आज्ञार्थातून गेलेला. नंतर मालिश अंगावरून डोक्यावर आणि हातातून बाटलीत गेली. आज तो आपल्याकडे परदेशी पाहुणा होऊन परत आला आहे, आणि 'चंपी' व 'शॅम्पू' एकाच न्हाणीघरात एकमेकांना ओळख न देता राहतात. आपणही काही कमी नाही : आयुर्वेदात 'जांगल' म्हणजे कोरडा, विरळ झाडीचा प्रदेश, आपण त्याचे रान केले आणि इंग्रजीने त्याचे दाट, दमट, वाघाचे अरण्य. अर्थ बदलणे हा गुन्हा नाही. माझा प्रश्न इतकाच, की बदलण्याचा अधिकार कोणाला आहे असे आपण मानतो.

आणि इथे आपला दुटप्पीपणा उघडा पडतो.

लंडनमध्ये इंग्रजी शब्दाचा अर्थ बदलला की तो अर्थविकास. लातुरात, लखनौत, मदुरैत बदलला की ती चूक. 'प्रीपोन' हा शब्द 'पोस्टपोन'च्या जोडीला इतका नेमका बसतो की नसता तर करावा लागला असता. आता तो ऑक्सफर्डमध्ये आहे. तरी आपल्या शाळांत तो लिहिणाऱ्याचा गुण आजही कापला जातो. 'डू द नीडफुल'वर आपण हसतो. तो ब्रिटिशांच्याच व्यापारी आणि सरकारी पत्रव्यवहारातला, त्यांनी टाकला, आपण ठेवला. अमेरिकेने शरद ऋतूसाठी 'फॉल' हा जुना इंग्रजी शब्द असाच जपला, तिला मात्र कोणी अडाणी म्हणत नाही. 'आउट ऑफ स्टेशन' कंपनीच्या ठाण्यांवरून आला. ठाणी गेली, शब्द राहिला. तो इतिहासाचा तुकडा आहे, व्याकरणाची चूक नव्हे.

माझ्या एका इंग्रजी अनुवादाच्या हस्तलिखितात 'कझिन सिस्टर' होते. संपादकाने ते तीन ठिकाणी खोडले आणि समासात लिहिले की शिकलेला माणूस असे लिहीत नाही. संपादक भारतीयच होते. मूळ मराठी कथेत ती आतेबहीण होती, आणि ती बहीण आहे यावरच कथेतला पेच उभा होता. नुसत्या 'कझिन'ने तो पेच विरघळला. गंमत अशी की 'कझिन' हा शब्द काही जन्मापासून इतका आटोपशीर नाही. शेक्सपिअरच्या काळी तो पुतण्यालाही चाले. क्लॉडियस हॅम्लेटला त्याच नात्याने संबोधतो. इंग्रजांनी नात्याचा अर्थ आवळला ते चालले. आपण त्याला एक शब्द जोडून तो आपल्या घराच्या मापाचा केला, ते चालले नाही. खोडण्याचा अधिकार त्या संपादकाला कोणी इंग्रजाने दिला नव्हता. तो आपण आपल्याच माणसांकडून आपल्यावर चालवून घेतो.

यावर उत्तर ठरलेले आहे : प्रमाण हवे. न्यायालयाचा निकाल, औषधाच्या बाटलीवरचा मजकूर, विमानाच्या चालकाला दिलेली सूचना इथे ज्याचा त्याचा अर्थ चालणार नाही. मान्य. पण प्रमाण म्हणजे लंडनचे प्रमाण, हे कुठून आले? नोहा वेब्स्टरने १८२८ साली अमेरिकेचा स्वतःचा कोश काढला. स्वातंत्र्याच्या घोषणेला तेव्हा जेमतेम ५२ वर्षे झाली होती. ऑस्ट्रेलियाने १९८१ साली मॅक्वारी कोश काढला. त्यानंतर त्या देशांत आपली इंग्रजी बरोबर आहे का हे विचारायला कोणी समुद्र ओलांडला नाही. आपल्याकडे इंग्रजी बोलणाऱ्यांची संख्या ऑस्ट्रेलियाच्या लोकसंख्येहून मोठी आहे. संग्रह आपल्याकडेही निघाले, व्यक्तींनी कष्टाने काढले. पण भारतीय इंग्रजीचे शेवटचे प्रमाण म्हणून आपण त्यांच्याकडे कधी पाहिले नाही. पाहतो ते ऑक्सफर्डच्या पुढच्या यादीकडे.

दुसरे उत्तर मराठीच्या अंगणातून येते : इंग्रजीने उसने घेतले म्हणून ती वाढली, तेव्हा मराठीनेही इंग्रजी शब्द बेलाशक घ्यावेत. यात कारणाची उलटापालट आहे. १०६६च्या नॉर्मन विजयानंतर इंग्रजीत फ्रेंच शब्दांचा लोंढा आला तो मोठ्या मनामुळे नव्हे, मालकांची भाषा फ्रेंच होती म्हणून. गोठ्यात 'काउ' आणि ताटात 'बीफ', ही वाटणी हरलेल्यांच्या घरची आहे. इंग्रजी वाचली ती त्या शब्दांमुळे नव्हे. १३६२च्या कायद्याने न्यायालयातले वाद इंग्रजीत चालावेत असे ठरले, पुढे शास्त्र आणि व्यापार तिच्यात झाला, आणि कामात पडल्यावर तिने जुन्या शब्दांना नवी कामे दिली. 'ब्रॉडकास्ट' म्हणजे शेतात हाताने बी फेकणे. तो शब्द नभोवाणीला लागला. 'कॉम्प्युटर' म्हणजे आकडेमोड करणारा माणूस. उंदीर टेबलावर आला. घेतलेल्या शब्दांची संख्या भाषेचे बळ सांगत नाही. घरचे शब्द नव्या कामाला जुंपता येतात की नाही, ते सांगते.

ते आपल्याला येते. रोज करतो. 'फिल्डिंग' क्रिकेटच्या मैदानातून उचलून आपण कचेरीत 'लावली' : काम व्हावे म्हणून आधीच जागोजाग माणसे पेरून ठेवणे. 'सेटिंग', 'मॅटर', 'टेन्शन', 'शायनिंग' यांचे मराठीतले अर्थ कोणत्याही इंग्रजाला कळणार नाहीत, इतके ते आपले झाले आहेत. इंग्रजीने 'ठग'चे जे केले ते मराठी 'फिल्डिंग'चे करते आहे. फरक इतका, की तिथे कोणीतरी चिठ्ठी लिहिली. 'फिल्डिंग लावणे' पहिल्यांदा कोणत्या वर्षी, कोणत्या छापील ओळीत आले? हे शोधून तारीखवार लावून ठेवणारे दप्तर कुठे आहे? दाते-कर्वे मंडळींचा महाराष्ट्र शब्दकोश १९३०च्या दशकात सात खंडांत झाला, त्याने ग्रंथांतले दाखले दिले. तुळपुळे आणि फेल्डहाउस यांनी १९९९ साली जुन्या मराठीचा कोश दिला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात १९४८पासून संस्कृतच्या ऐतिहासिक कोशासाठी लाखो चिठ्ठ्या जमल्या. म्हणजे पद्धत ठाऊक आहे, माणसे होती, परंपरा आहे. संस्कृतच्या प्रत्येक अर्थासाठी जी चिठ्ठी लिहिली गेली, ती आज बोलल्या जाणाऱ्या मराठीच्या वाट्याला आली नाही.

हे मराठीपुरते नाही, म्हणून ते मी या बहुभाषी अंकात लिहितो आहे. बंगाली, कन्नड, मल्याळम, उर्दू, सगळ्या भाषा इंग्रजी शब्दांना रोज नवा अर्थ देत आहेत, आणि एकमेकींच्या शब्दांनाही. या अंकाचे वाचक दोन-तीन भाषांत वाचतात. मरे यांना ज्या प्रकारचे वाचक लागले होते, तेच हे. त्यांतल्या प्रत्येकाने वाचताना भेटलेला एक सरकलेला अर्थ, वाक्यासह, वर्षासह, पानासह उतरवून ठेवला, आणि एखाद्या विद्यापीठाने त्या चिठ्ठ्या ठेवायला एक खोली दिली, तर सुरुवात होईल. इंग्रजी कोशाची सुरुवात याहून मोठी नव्हती. ऑक्सफर्डच्या आधी मरे यांनी शाळामास्तरकी सांभाळत आपल्या बागेत पत्र्याची शेड उभारून चिठ्ठ्या लावल्या होत्या.

पुढच्या वर्षी पुन्हा यादी येईल. तिच्यात एखादा मराठी शब्द असेल. तेव्हा अभिनंदनाच्या आधी दोन प्रश्न विचारावेत : इंग्रजीत जाताना त्याचा अर्थ काय झाला, आणि मराठीत त्याचा गेल्या शंभर वर्षांत काय झाला? पहिल्याचे उत्तर ऑक्सफर्डमध्ये सापडेल. दुसऱ्याचे उत्तर द्यायचे काम आपले आहे, आणि ते आपण अजून हाती घेतलेले नाही.